ग्रुपला किती?

मृगाचा पाऊस पडो न पडो, जून महिन्यात आमच्या सांगोल्यात एक प्रश्न हमखास पडे, तो म्हणजे ‘ग्रुपला किती?’ बारावीचा निकाल लागलेला असे. एकूण टक्के किती, हे फारसे कोणी विचारीत नसे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तीन विषयांत मिळून ३०० पैकी किती, एवढेच लोकांना हवे असे. मराठीत आणि इंग्रजीत पोराने काय दिवे लावले याची चौकशी फक्त त्या त्या विषयाचे शिक्षक करीत. एसटी स्टँडवर, आठवड्याच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत हाच प्रश्न. आणि उत्तर आले की विचारणारा मनातल्या मनात हिशेब करून मोकळा होई: ‘मिरज होईल’, ‘सोलापूर धरायला हरकत नाही’, किंवा नुसतेच ‘बरं बरं’. या ‘बरं बरं’चा अर्थ बीएस्सी असा होता.

मी या तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तेहतीस वर्षे जीवशास्त्र शिकवले. १९८६ साली रुजू झालो आणि २०१९ मध्ये निवृत्त झालो. एवढ्या काळात माझ्या विषयाच्या बारावीच्या गुणांचे जे झाले, ते एखाद्या चलनी नोटेचे व्हावे तसे झाले. सुरुवातीला त्या नोटेवर डॉक्टरकी मिळत असे. निवृत्तीच्या वेळी तीच नोट दाराशी दाखवून आत सोडण्यापुरती उरली होती. ही गोष्ट बरी झाली की वाईट, असे मला अजूनही पालक विचारतात. एका शब्दात उत्तर देता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या काळचा हिशेब सरळ होता. प्रत्येक विषयाला १०० गुण, त्यातले ८० लेखी परीक्षेचे आणि २० प्रात्यक्षिकाचे. तिन्हींची बेरीज करून राज्याची गुणवत्ता यादी लागे. वेगळी प्रवेश परीक्षा नव्हती. साहजिकच अकरावी-बारावीचा वर्ग म्हणजे रणांगण. तासाला दांडी मारण्याची कोणाची छाती नव्हती. पहाटे सहाला जादा तास ठेवला, तरी महूद, जवळा, कोळे अशा गावांची पोरे सायकली हाणत येत. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली ही मुले अकरावीला एकदम इंग्रजीच्या पुरात पडत. ‘तंतुकणिका’ पाठ असे, पण ‘मायटोकॉन्ड्रिया’ ऐकून चेहरा कोरा होई. पहिले तीन महिने आम्ही एका परीने दुभाष्याचे काम करीत असू. डिसेंबर उजाडेपर्यंत ती मुले इंग्रजीत उत्तरे लिहू लागत. आकृती काढावी तर त्यांनीच!

सांगोल्याला हे जुळायचे आणखी एक कारण भूगोलाचे होते. आमचा तालुका दुष्काळी, माणदेशातला. पण वैद्यकीय महाविद्यालये मात्र दोन हातांवर दोन. मिरजेचे शासकीय महाविद्यालय १९६२ चे आणि सोलापूरचे डॉ. वैशंपायन स्मृती महाविद्यालय १९६३ चे. सोलापूर जिल्हा २००४ पर्यंत शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात होता, आणि विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांना तिथल्या जागांवर पहिला हक्क असे. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने सगळ्याच्या सगळ्या जागा अशा क्षेत्रापुरत्या राखणे अमान्य केले. त्यातूनच ७०:३० चे सूत्र आले: ७० टक्के जागा विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के साऱ्या राज्याला खुल्या. पुढे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे हे विभाग पडले, आणि हे सूत्र थेट २०२० पर्यंत चालले.

आता त्या काळाचे गोडवे गाणारे बरेच भेटतात. ‘सर, तवा कसं, गुणाला किंमत होती!’ होती, यात शंका नाही. पण जिथे किंमत येते तिथे बाजारही येतो. प्रात्यक्षिकाचे वीस त्रिक साठ गुण बाहेरून येणाऱ्या परीक्षकाच्या पेनाच्या टोकावर असत. परीक्षक येणार म्हटले की प्रयोगशाळा सारवल्यासारखी स्वच्छ व्हायची आणि दुपारी मटणाचा बेत ठरायचा. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाईड कोणाची खरी जमली आणि कोणाची नाही, याला पंगत उठल्यावर फारसा अर्थ उरत नसे. ‘आमच्या पोरांचं बघा, मग तुमच्या पोरांचं आम्ही बघतो’ ही भाषा मी स्वतः ऐकली आहे. ज्या महाविद्यालयाला हे जमत नसे, किंवा ज्याच्या प्राचार्यांना ते रुचत नसे, तिथली मुले ३०० पैकी चार-सहा गुणांनी मागे पडत. गुणवत्ता यादीत चार गुण म्हणजे शेकडो मुलांचे अंतर. लेखी परीक्षेतल्या कॉप्यांविषयी तर काय सांगावे! केंद्राबाहेरच्या भिंतींवर परीक्षार्थींपेक्षा त्यांचे मामा आणि मित्रच जास्त दिसत.

गुणांचा संशय वरपर्यंत गेला होता. मार्च १९८६ मध्ये मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना पद सोडावे लागले, ते त्यांच्या मुलीच्या एम.डी. परीक्षेतील गुणवाढीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यामुळे. ती परीक्षा पदव्युत्तर होती, तिचा बारावीशी संबंध नव्हता. पण पारावर बसलेल्या माणसाला एवढा फरक कोण समजावणार? मोठ्यांच्या घरी गुण वाढतात, ही गोष्ट त्याला आधीपासूनच पटलेली होती.

याच काळात आमच्या रुळांच्या दुसऱ्या टोकाला एक नवे प्रकरण सुरू झाले. नव्या वाचकांना सांगायला हवे की सांगोल्यावरून जाणारी रेल्वे मूळची बार्शी लाईट रेल्वे, अडीच फुटी गेजची. १९२७ साली ती मिरजेला पोचली, तेव्हा एका टोकाला मिरज आणि दुसऱ्या टोकाला लातूर अशी जोडणी झाली. मध्ये पंढरपूर, कुर्डुवाडी आणि बार्शी. २०१० च्या सुमारास इकडचा मार्ग मोठा झाला, तोवर ती गाडी रमतगमतच धावली. या गाडीने मिरजेकडे जाणे हे आमच्या मुलांचे स्वप्न. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मात्र काही मुले उलट्या दिशेच्या डब्यात बसू लागली. लातुरात राजर्षी शाहू महाविद्यालय आणि दयानंद महाविद्यालय या संस्थांनी बारावीच्या तयारीला एखाद्या कारखान्यासारखी शिस्त लावली होती. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग सराव परीक्षांमागून सराव परीक्षा, उत्तरपत्रिका तपासून चुका परत मुलाच्या हातात. डॉ. जनार्दन वाघमारे आणि त्यांच्यानंतरच्या मंडळींनी रुजवलेला हा ‘लातूर पॅटर्न’ राज्याच्या गुणवत्ता यादीत दिसू लागला. आमच्या शिक्षक-खोलीत त्यावर दोन तट होते. एक म्हणे ही घोकंपट्टी, दुसरा म्हणे ही मेहनत. मला वाटते, दोघांचेही बरोबर होते. मात्र एक गोष्ट तेव्हा कोणाच्या फारशी लक्षात आली नाही. गुण मिळवणे हे शिकण्यापासून वेगळे काढता येते, आणि त्यासाठी गाव सोडून जाता येते, हे पालकांना पहिल्यांदा लातुराने दाखवले.

गुण कमी पडले तर पैशाचा रस्ता होताच. १९८३-८४ पासून राज्यात विनाअनुदानित वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी मिळू लागली. देणगीच्या नावाखाली काय चालते हे सर्वांना ठाऊक होते, म्हणून १९८७ मध्ये कॅपिटेशन फी बंदीचा कायदा झाला. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने या महाविद्यालयांच्या निम्म्या जागा गुणवत्तेवर, कमी फीच्या ठरवल्या, आणि उरलेल्या जास्त फीच्या असल्या तरी त्याही गुणवत्तेनेच भरायच्या असे सांगितले. त्यापुढच्या दहा-बारा वर्षांत न्यायालयांनी हे गणित पुन:पुन्हा मांडले आणि मोडले. त्या तपशिलात शिरलो तर पुरवणी संपेल.

१९९७ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांनी असे सांगितले की ज्या राज्यात एकाहून अधिक परीक्षा मंडळे आहेत, तिथे सर्वांना एका मापाने मोजण्यासाठी प्रवेश परीक्षा घ्यावी. बारावीत या तीन विषयांना मिळून खुल्या गटासाठी ५० टक्के आणि राखीव गटासाठी ४० टक्के एवढेच गुण पात्रतेपुरते लागतील. महाराष्ट्रात १९९९ पासून सीईटी आली. जुन्या परीक्षकांचे राज्य एका दिवसात संपले. मटणाचा बेतही बंद झाला, याचे मला तरी वाईट वाटले नाही.

आणि गंमत म्हणजे तरीही वर्ग ओस पडले नाहीत. सीईटी दोनशे गुणांची, आमच्याच मंडळाच्या पुस्तकावर बेतलेली. पुस्तक नीट वाचलेल्या मुलाला ती सुटत असे. बारावीचा अभ्यास आणि सीईटीचा अभ्यास हे एकाच शेतातले दोन पीक होते. संध्याकाळी आम्हीच वर्गात पर्यायी प्रश्नांचा सराव घ्यायचो, वेगळी फी नाही. माझ्या मते सांगोल्यासारख्या गावांसाठी हा सर्वांत चांगला काळ. परीक्षा एक होती, मापही एक होते आणि तयारी गावातच होत होती.

मग नीट आली. ५ मे २०१३ ला ती पहिल्यांदा झाली, जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, एप्रिल २०१६ मध्ये तो निकाल मागे घेतला. त्या वर्षी अध्यादेशाने राज्यांना सवलत मिळाली आणि आमच्या मुलांनी एकाच उन्हाळ्यात दोन वेगवेगळ्या परीक्षांची तयारी केली. २०१७ पासून मात्र सगळा कारभार नीटवर गेला. १८० प्रश्न, ७२० गुण. त्यात निम्मे जीवशास्त्र. बरोबर उत्तराला चार गुण, चुकल्यास एक वजा. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते हे खरे. पण अकरावी-बारावीला सगळे इंग्रजीतून शिकल्यावर ती घेणारा मुलगा मला अजून भेटायचा आहे. शिवाय प्रश्नांचा आधार एनसीईआरटीची पुस्तके. आमच्या मंडळाची पुस्तके त्या धर्तीवर यायला २०१९-२० उजाडले. मधली वर्षे मुले दोन-दोन पुस्तके वाचत होती. एक बारावीसाठी, एक डॉक्टर होण्यासाठी.

आणि तिथे वर्ग तुटला. नियमाने बारावीचे महत्त्व १९९९ लाच संपले होते, पण प्रत्यक्षात ते संपले २०१७ च्या आसपास. पटावर ऐंशी मुले आणि तासाला अकरा, असे दिवस मी नोकरीच्या शेवटी पाहिले. बाकीची कुठे? लातूर, पुणे, काही थेट राजस्थानात कोट्याला. नाव इथे, पोरगे तिथे. असे का, हे कळायला एक नियम पाहावा लागतो. महाराष्ट्राच्या कोट्यातल्या ८५ टक्के जागांसाठी अधिवास तर लागतोच, शिवाय काही अपवाद सोडता दहावी आणि बारावी महाराष्ट्रातूनच झालेली असावी लागते. तेव्हा कोट्याला शिकणाऱ्या मुलालाही बारावीचा दाखला इकडचाच हवा असतो. गुणांची किंमत गेली आणि पत्त्याची राहिली! २०१८ साली शासनाने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. यंत्रे बसली असतील, पण मुले त्यामुळे बाकावर आलेली मी तरी पाहिली नाहीत.

कोणाला हे अतिशयोक्त वाटत असेल त्याने २०२१ साल आठवावे. करोनामुळे त्या वर्षी बारावीची परीक्षा झालीच नाही. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, ९९.६३ टक्के. एवढी मोठी परीक्षा नाहीशी झाली आणि डॉक्टरकीच्या प्रवेशाचे काय अडले? काही नाही. १२ सप्टेंबरला नीट झाली, याद्या लागल्या. दोन वर्षांचे शिक्षण काढून घेतले तरी दार तसेच उघडते, हे साऱ्या राज्याने पाहिले.

पैशाची बाजू सांगोल्यात फार उघडी दिसते. इथला पैसा डाळिंबाचा. २०२० च्या डिसेंबरात शंभरावी किसान रेल्वे सांगोल्यावरूनच बंगालकडे निघाली, एवढे आमच्या डाळिंबाचे नाव. क्लासची फी, खोलीचे भाडे, मेस हे सगळे धरून दोन वर्षांचे काही लाख होतात. बहार चांगला धरला तर पहिला हप्ता जातो. पुढच्या वर्षी तेल्या पडला की दुसरा हप्ता थकतो. मग क्लासवाल्याचा फोन बापाला येतो आणि बापाचा पोराला, ‘लक्ष लावून कर रं, बाग काढून टाकली या सालाला’. सतरा वर्षांचे पोर ते वाक्य घेऊन सराव परीक्षेला बसते. आमच्या शेजारच्या माणदेशातल्याच एका गावात २०२५ च्या जूनमध्ये सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून बापाने मुलीला मारले आणि त्यात तिचा जीव गेला. राज्यभर बातमी झाली. त्यावर मी जास्त लिहू इच्छित नाही. एवढेच सांगतो की ती परीक्षाही नव्हती, परीक्षेचा सराव होता.

तरीसुद्धा नीट नको आणि बारावीच बरी, असे मी म्हणणार नाही. माझ्या शेवटच्या तुकड्यांमध्ये मेंढपाळाच्या घरचा एक मुलगा होता. त्याच्यासाठी परीक्षकाला सांगणारे कोणी नव्हते. जुन्या पद्धतीत त्याचे चार-सहा गुण नक्की गेले असते. नीटमध्ये त्याला कोणी ओळखत नव्हते, हाच त्याचा फायदा. एका वर्षाची गॅप घेऊन तो सरकारी महाविद्यालयात गेला. २०२४ मध्ये पेपरफुटी, वाढीव गुण, ७२० पैकी ७२० मिळवणारे ६७ जण असे सगळे प्रकरण झाले. सर्वोच्च न्यायालयाने फेरपरीक्षा नाकारली, तरी लोकांचा विश्वास हलला तो हललाच. पण फुटलेला पेपर हा गुन्हा असतो आणि त्याचा तपास होतो. प्रात्यक्षिकाच्या खोलीत वाढलेल्या दोन गुणांचा तपास कधी झाल्याचे मला आठवत नाही.

मधला मार्ग नाही का? आहे, आणि तो चालून पाहिलेलाही आहे. अभियांत्रिकीच्या जेईई मेनमध्ये २०१३ ते २०१६ या वर्षांत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होते. वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका पातळीवर आणताना इतका गोंधळ उडाला की २०१७ पासून ते सोडून दिले. तमिळनाडूने दहा वर्षे प्रवेश परीक्षा बंद ठेवून बारावीच्या गुणांवर डॉक्टर घडवले, नीट आल्यावर ते थांबले. मग २०२० मध्ये त्यांनी कायदा करून सरकारी शाळांत शिकलेल्या आणि नीट उत्तीर्ण झालेल्या मुलांसाठी ७.५ टक्के जागा राखल्या. जर्मनीत उलट घडले. तिथे शालान्त गुणांना फार महत्त्व होते. २०१७ च्या डिसेंबरात तिथल्या घटना न्यायालयाने ती पद्धत काही अंशी घटनाबाह्य ठरवली आणि गुणांखेरीज दुसरेही काही पाहा, असे बजावले. अमेरिकेत आपल्याकडचे कोणी नातेवाईक असतील तर ते सांगतील की तिथे आधी चार वर्षांची पदवी, तिचे सगळे गुण, वेगळी प्रवेश परीक्षा आणि वर मुलाखत. आमच्या पोरांची मुलाखत कोण घेणार आणि कोणत्या भाषेत, हा विचार केला की मला जुना परीक्षक आठवतो.

मला स्वतःला तमिळनाडूचा रस्ता जवळचा वाटतो. परीक्षा एकच राहू द्यावी, पण ज्या मुलाने आपल्या तालुक्यात, अनुदानित किंवा सरकारी वर्गात बसून अकरावी-बारावी केली, त्याच्यासाठी काही जागा राखाव्यात. मग वर्गात बसण्याला किंमत येईल. मोकळ्या पडलेल्या शिक्षकांच्या जागाही भराव्या लागतील. हे सगळे मी मांडले की मित्र हसतात. म्हणतात, लातूरवाले हे होऊ देतील का? २०२० मध्ये ७०:३० चे सूत्र गेले ते मराठवाड्याच्या मागणीवरूनच, आणि त्यांची तक्रार खोटी नव्हती. महाविद्यालये बहुतेक आमच्या विभागात होती. पण त्यामुळे मिरजेच्या आणि सोलापूरच्या जागांवर आमच्या पोरांचा जो पहिला हक्क होता तो गेला, हेही खरे.

माझ्याकडे आजही पालक येतात. निवृत्त मास्तरकडे फी लागत नाही. बहुतेकांचा गोंधळ एका शब्दाचा असतो: ‘पात्र’. गावात फ्लेक्स लागतो, ‘नीट परीक्षेत उत्तीर्ण झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’, खाली सरपंचापासून सगळ्यांचे फोटो. नीटची पात्रता गुणांवर ठरत नाही, पर्सेंटाइलवर ठरते. खुल्या गटात, बसलेल्यांपैकी वरच्या निम्म्यात आलात की पात्र. २०२५ साली ७२० पैकी १४४ गुणांना खुल्या गटातला मुलगा पात्र होता. त्या वर्षी सुमारे २२ लाख मुले बसली, १२ लाखांहून अधिक पात्र झाली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा साधारण सव्वा लाख, त्यातही जवळपास निम्म्या खाजगी. खुल्या गटात सरकारी महाविद्यालयापर्यंत पोचायला त्या १४४ च्या तिपटीच्याही पुढे जावे लागते. फ्लेक्सवाल्यांना हे कोण सांगणार?

२०२५ च्या जुलैत असेच एक वडील मुलीला घेऊन आले होते. मुलगी बारावीला ८८ टक्के, नीटला ३९०. ती लातूरला गेली नव्हती, पैसेच नव्हते. दोन वर्षे इथल्याच वर्गात बसली होती. वडील म्हणाले, “सर, अठ्ठ्याऐंशीचा काय उपयोग न्हाई का?” मी म्हटले, प्रवेशाला नाही. ते गप्प झाले. मग म्हणाले, “उरलेली बाग काढून एक साल लातूरला टाकावं म्हणतो.” मी त्यांना कागदावर मांडून दाखवले. एमबीबीएसखेरीज आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक या सगळ्यांचे प्रवेशही नीटवरूनच होतात. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी राज्य शासनाने पूर्ण माफ केली आहे. अधिवासाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला हे जुलैत धावपळ करून मिळत नाहीत, ते आधीच काढून ठेवावेत. हे माहीत नसलेली किती तरी घरे नुसत्या ऐकीव माहितीवर जमीन विकतात. मुलगी शेवटपर्यंत काही बोलली नाही. जाताना तेवढे म्हणाली, “सर, गॅप नको. पप्पांना सांगा.” मी सांगितले.

दिवाळीनंतर तिचा फोन आला. आयुर्वेदाला नंबर लागला होता आणि फी माफ झाली होती. पहिल्या आठवड्यात प्रयोगशाळेत सरांनी विचारले होते, सूक्ष्मदर्शक याआधी कोणी कोणी हाताळला आहे? साठ जणांच्या वर्गात हात वर आले चार, त्यात एक तिचा.